मुलीला वडिलांचं आडनाव नकोय, आणि वडील नऊ वर्षं घरीच नाहीत

पत्र :

ताई, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मुलगी नववीत आहे, चौदा पूर्ण झाली. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत, फोन नाही की एक रुपया नाही. घटस्फोट झालेला नाही, म्हणजे मीच त्या भानगडीत पडले नाही, पोरीला वाढवायचं की कोर्टात खेटे घालायचे? तिची आत्या अधूनमधून फोन करते, दिवाळीला तिला ड्रेस पाठवते, तिच्याकडून एवढंच कळलं की तो वापीला असतो आणि तिकडे दुसरं घर केलंय. आता मुलगी म्हणते, मम्मी, दहावीच्या मार्कशीटवर मला त्या माणसाचं नाव पण नको आणि आडनाव पण नको, मधे तुझं नाव लाव आणि आजोबांचं आडनाव लाव. शाळेत विचारलं तर म्हणाले वडिलांची सही आणा नाहीतर कोर्टाची ऑर्डर आणा. एक एजंट भेटला, तो म्हणतो आठ दिवसांत गॅझेट करून देतो, वडिलांच्या सहीचं आमच्यावर सोडा, नाहीतर मयत दाखवू, सात वर्षं झाली की कायद्याने माणूस मेल्यातच जमा असतो. भाऊ म्हणतो आमचं आडनाव कशाला, उद्या वाटणी मागायला उभी राहील. आई म्हणते लग्न झालं की बदलणारच आहे, आत्ता कशाला उपद्व्याप. आणि मला रात्री एकच भीती वाटते, कोर्टात गेले आणि तो उगवला आणि पोरगीच मागितली तर? तिचे हक्क जातील का? जातीच्या दाखल्याचं काय? मी बरोबर करतेय का तेच कळेनासं झालंय.
— एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या एजंटचं बोलू. त्याला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका, दिले असतील तर त्यावर पाणी सोडा, पण तुमच्या सहीचा कोरा कागद किंवा स्टँप पेपर त्याच्याकडे असेल तर आजच्या आज परत घ्या. वडिलांची सही दुसऱ्याने मारली तर ती बनावट सही आहे, आणि जिवंत माणसाला मयत दाखवून केलेलं प्रतिज्ञापत्र हे खोटं प्रतिज्ञापत्र आहे, आणि त्याच्याखाली सही एजंटची नसते, तुमची असते. उद्या मुलगी नोकरीला लागेल, पासपोर्ट काढेल, कुठेतरी कागद तपासले जातील आणि तिच्या नावाचा पहिलाच कागद खोटा निघाला तर त्याच्यावर उभे असलेले सगळे कागद अडचणीत येतात. तिने काही केलेलं नसताना निस्तरायचं तिला.

सात वर्षांचं तो जे सांगतो ते अर्धवट आहे. सात वर्षं ज्याची काहीच खबरबात नाही, ज्यांना कळायला हवं होतं अशा जवळच्या माणसांनाही नाही, त्याला मृत मानता येतं असं कायद्यात आहे खरं, पण ते आपोआप होत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. आणि तुमच्या बाबतीत तर तो मुद्दाच येत नाही, कारण सख्खी बहीण सांगतेय की तो वापीला आहे.

आता शाळेचं. शाळेच्या क्लार्कवर रागावू नका. त्यांना भीती असते की उद्या वडील येऊन उभे राहिले आणि म्हणाले माझ्या मुलीचं नाव कुणाला विचारून बदललं, तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागेल. म्हणून ते सही मागतात. पण सहीशिवाय काहीच होऊ शकत नाही असं मात्र नाही.

तुम्हाला हिंदू कायदा लागू आहे असं धरून सांगते (बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच लागतो). १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात लिहिलंय की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचे नैसर्गिक पालक वडील, आणि वडिलांच्या 'नंतर' आई. वर्षानुवर्षं सगळी ऑफिसं याचा अर्थ लावत होती की वडील जिवंत आहेत तोवर आईची सही चालणार नाही. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा त्यांना हेच सांगितलं गेलं, वडिलांची सही आणा. त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९९९ साली कोर्टाने सांगितलं की 'नंतर' म्हणजे फक्त मृत्यूनंतर असं नाही, वडिलांच्या गैरहजेरीत असाही त्याचा अर्थ आहे, आणि गैरहजेरी म्हणजे वडील मुलाकडे बघतच नसतील, दुसरीकडे राहत असतील आणि सगळं आईच करत असेल तर तीही गैरहजेरीच. म्हणजे ताई, तुमची नऊ वर्षं.

आडनावावरूनही सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, २०२२ चा, अकेला ललिता यांच्या केसमधला. नवरा वारला, त्यांनी दुसरं लग्न केलं आणि मुलाला नव्या कुटुंबाचं आडनाव लावलं, त्यावर सासरचे कोर्टात गेले होते. कोर्टाने सांगितलं की मुलाची एकमेव नैसर्गिक पालक म्हणून त्याचं आडनाव ठरवायचा हक्क आईला आहे. हा निकाल तुम्हाला कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल आणि सांगेल की झालं, हे दाखवा शाळेत. तर त्यात वडील हयात नव्हते, तुमच्याकडे ते हयात आहेत. आधार म्हणून वकील तो नक्की वापरतील, पण नुसता त्याचा प्रिंटआउट घेऊन तुम्ही खिडकीशी उभ्या राहिलात तर खिडकीवाला तुम्हाला परतच पाठवणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, तुम्ही नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करा. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट आहे, त्याच्या कलम ७ खाली कोर्ट तुम्हाला मुलीची पालक म्हणून घोषित करू शकतं. त्या एकाच अर्जात दोन्ही गोष्टी मागा, एक म्हणजे तुम्हाला पालक घोषित करणं आणि दुसरी म्हणजे वडिलांच्या संमतीशिवाय मुलीचं नाव बदलायची परवानगी. आणि एक छोटी गोष्ट जी बरेच जण विसरतात, नवीन पूर्ण नाव अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगसकट लिहा आणि ऑर्डरमध्येही तसंच यावं अशी विनंती करा. नाहीतर पुढे शाळेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि एका अक्षरापायी परत अ‍ॅफिडेव्हिट करत बसायचं.

यासाठी घटस्फोट व्हायलाच हवा असं नाही. तुम्हाला घ्यायचा असेल तर घ्या, दोन वर्षं सोडून गेला की परित्यागाचा आधार मिळतो आणि तुमची तर नऊ झालीत, पण ती केस वेगळी चालू द्या. घटस्फोट रेंगाळला म्हणून मुलीची दहावी थांबणार नाहीये.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे जा. बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या कायद्यात आहे, कुणाचे उपकार नाहीत. पगार आहे मग कसं मागू असं मनात आणू नका. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

जाताना काय न्यायचं? मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, रेशन कार्ड, आणि मग ही नऊ वर्षं एकटीने काढली हे दाखवणारं जे जे असेल ते. शाळेच्या फीच्या पावत्या ज्यावर तुमची सही आहे, दवाखान्याचे कागद, लसीकरणाचं कार्ड, तुमचं पासबुक, तिचं सुकन्या खातं असेल तर त्याचं पुस्तक, तो गेला तेव्हा पोलिसात काही दिलं असेल तर त्याची प्रत. प्रगतीपुस्तकं फेकली नसतील तर तीही न्या, दरवर्षी पालकांच्या सहीच्या जागी कोणाची सही आहे ते त्यात दिसतं, आणि इयत्ता पहिली ते नववी ती एकाच बाईची सही बघितली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता तुमची रात्रीची भीती. यात मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कोर्ट त्याला नोटीस काढणारच, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय सहसा पुढे जाणार नाही. आत्याकडे वापीचा पत्ता असेल तर तो पत्ता अर्जात द्यावा लागेल, लपवू नका, कारण पत्ता माहीत असून दिला नाही असं पुढे सिद्ध झालं तर मिळालेली ऑर्डरसुद्धा रद्द होऊ शकते. पत्त्यावर सापडला नाही तर कोर्ट पेपरमधून समन्स द्यायला सांगतं, तो शेवटचा जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या पेपरमध्ये. अशी जाहिरात नाशिकच्या पेपरात आली तर सिडकोत चार लोक वाचतीलच, त्यामुळे मुलीला हे आधी माहीत हवं, बिल्डिंगमधल्या काकूंकडून कळायला नको. जाहिरातीत मुलीचं नाव टाळता येईल का तेही वकिलांना विचारून ठेवा.

आणि तो आला तर? यायचा हक्क त्याला आहे. पण मुलगी कुणाकडे राहणार हे ठरवताना कोर्ट बघतं ते मुलीचं हित, बापाचा हक्क त्याच्या खाली येतो, हे १९५६ च्याच कायद्यात आहे. शिवाय मूल स्वतःची पसंती समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याचं मत विचारात घेऊ शकतं हेही कायद्यात लिहिलेलं आहे, आणि चौदा वर्षांची मुलगी नक्कीच तेवढी मोठी असते. जज बऱ्याचदा मुलांशी चेंबरमध्ये वेगळं बोलतात, आई नाही, वकील नाही. नऊ वर्षं ज्याने तिच्या वाढदिवसाला फोन केला नाही तो एका नोटिशीवर येऊन तिला घेऊन जाईल असं होत नसतं ताई. आलाच तर जास्तीत जास्त तो नाव बदलायला विरोध करेल किंवा भेटायला मागेल. विरोध केला तरी का करतोय ते त्याला सांगावं लागेल, आणि मग पोटगीचा प्रश्नही निघेलच, तो तुम्ही आजवर काढला नाहीत एवढंच. मुलीला त्याच्याकडून पोटगी मागायचा हक्क आजही आहे आणि आडनाव बदललं तरी तो राहतो.

आता वेळेचं, कारण खरी घाई इथे आहे. तुमच्या मुलीने नववीत हे सांगितलं ते फार चांगलं झालं. महाराष्ट्रात शाळेतलं नाव बदलायचं तर मूल शाळेत शिकत असताना बदलतात. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे मुख्याध्यापक प्रस्ताव तयार करतात, तो जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी आली की शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बदल होतो. ते रजिस्टर तुम्ही कधी बघितलंय का माहीत नाही, लांबरुंद जाडजूड पुस्तक असतं, एकेका मुलाची एक आडवी ओळ, त्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा. बदल झाला की जुनं नाव व्हाइटनर लावून पुसत नाहीत, साधारणपणे लाल शाईने नवीन नोंद, शेऱ्याच्या रकान्यात मंजुरीच्या पत्राचा नंबर, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही असं असतं. म्हणजे जुनं नावही तिथे दिसत राहणार. मुलीला हे सांगा, तिला वाटत असेल की सगळं पुसलं जाईल तर तसं होत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की मग या रजिस्टरमधली नोंद अशी बदलून मिळत नाही. लिहिताना झालेली उघड चूक असेल तर वेगळी गोष्ट, पण तिचं आत्ताचं आडनाव ही काही लिहिण्यातली चूक नाही. दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेतल्या माहितीवरूनच भरला जातो, नंतर प्री-लिस्ट येते, त्यात मुलं आपापलं नाव तपासून सही करतात, आणि तिथे जे नाव असतं तेच मार्कशीटवर छापून येतं. अकरावीचं अ‍ॅडमिशन, स्कॉलरशिप, सीईटी, नीट, सगळीकडे मग दहावीचंच नाव मागतात. दहावीचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात तेव्हा त्याच्या आधी शाळेतली मंजुरी हातात असेल असा हिशोब धरून अर्ज आत्ता करा, उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकलू नका. अर्ज करतानाच वकिलांना सांगा की बोर्डाच्या फॉर्मची मुदत आहे, तसं अर्जात लिहा, लवकर तारीख मागता येते.

आणि दहावीच्या आधी नाहीच झालं तर जगबुडी नाही. अठरा पूर्ण झाली की ती स्वतःच्या सहीने गॅझेट करू शकते, कोणाला विचारायची गरज नाही. फरक एवढाच की मग दहावी-बारावीची मार्कशीट जुन्या नावाची राहील आणि प्रत्येक ठिकाणी गॅझेटची प्रत सोबत जोडावी लागेल. हजारो मुली लग्नानंतर हेच करतात, चालतं. (सीबीएसईत शिकणाऱ्या मुलांच्या आया हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, तुमच्या बोर्डाचे नियम वेगळे आहेत, पण २०२१ मध्ये जिग्या यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे असं मानून बोर्डाला नियम सैल करायला लावलेत.)

कोर्टाची ऑर्डर आली की पुढचं सोपं होतं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, नावात बदलाची जाहिरात द्यायची, अर्ज ऑनलाइन होतो, मुलगी अज्ञान असल्यामुळे पालक म्हणून सही तुमची. ते पीडीएफ आणि ऑर्डर घेऊन शाळा. शाळेनंतर आधार. आधारच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आत्ता घाईने कुठल्या सेंटरवर जाऊन अर्धवट काही करून घेऊ नका. ती पंधराची झाली की बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावेच लागतात, तेव्हा ऑर्डर आणि गॅझेट आलेलं असेल तर दोन्ही एकाच फेरीत होईल. शाळेतलं नाव आणि आधारचं नाव जुळलं नाही तर अपार आयडीला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाला, अडकतं, म्हणून या दोघांत फार दिवस जाऊ देऊ नका. बँक, रेशन कार्ड, सुकन्या हे त्यानंतर सावकाश.

जन्मदाखल्याच्या मागे मात्र लागू नका. महापालिकेचे निबंधक दाखल्यातली चूक दुरुस्त करून देतात, आणि जन्माच्या वेळी वडिलांचं नाव तेच होतं, ती चूक नव्हती. दाखला जुन्या आडनावाचा राहू द्या आणि त्याच्या मागे गॅझेट लावून फाइल करा, दोन्ही कागद एकत्र असले की काम होतं.

मधल्या नावाचं थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे पूर्ण नावात मधे वडील बसलेले असतात आणि तुमच्या मुलीने एकाच वाक्यात मधलं नाव आणि आडनाव दोन्ही मागितलंय. तुम्ही तिला हे दोन प्रश्न म्हणून वेगवेगळे विचारा. काही मुलांना आडनाव नको असतं पण वडिलांचं नाव पूर्ण काढायचा विचार केला की त्यांना गलबलून येतं, काहींचं उलट असतं. आडनाव आजीचं, काकाचं, आत्याचंही असतं, तर मधलं नाव एकट्या त्याचंच असतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लागेल, पण तुमची मुलगी त्याच्या आधीची आहे त्यामुळे तिला तो आपोआप लागू होत नाही, जे हवंय ते अर्जात मागावंच लागेल. आणि मधून वडिलांचं नाव काढलं तरी एखाद्या फॉर्मवर 'वडिलांचे नाव' असा वेगळा रकाना येईल तिथे त्याचंच नाव लिहायचं, तिथे मामाचं किंवा आजोबांचं लिहू नका. पासपोर्टला तर आता आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं.

भावाला काय सांगायचं? त्याला सांगा की वाटणी आडनावावर मिळत नसते. तुमच्या मुलीने त्याचं आडनाव लावलं म्हणून आजोबांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क आहे तो तुमचा, मुलगी म्हणून जन्मापासून आहे, २००५ च्या कायद्याने दिलाय, आणि तुम्ही आज नवऱ्याचं आडनाव लावता तरी तो आहेच. हे ऐकून भाऊ खूश होणार नाही कदाचित, पण निदान ज्या गोष्टीला घाबरतोय त्याचा पोरीच्या आडनावाशी संबंध नाही हे कळेल. त्याच न्यायाने मुलीचा तिच्या वडिलांकडच्या मालमत्तेतला हक्कही कुठे जात नाही. आडनाव काहीही असो, ती त्याची मुलगी आहे आणि वारस आहे. जन्मदाखला आणि लग्नाचा पुरावा सांभाळून ठेवा, पुढे कधी वारस नोंदीची वेळ आली तर तेच लागतील.

जातीच्या दाखल्याचं तुम्ही विचारलंत ते फार योग्य विचारलंत, कारण बहुतेक लोकांना हे बारावीनंतर आठवतं. आडनाव बदलल्याने जात बदलत नाही. पण आपल्याकडे दाखल्यासाठी आणि नंतर जात वैधतेसाठी कागद मागतात ते वडिलांच्या बाजूचे, वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जुन्या नोंदी. त्या घरात कोणाचं वैधता प्रमाणपत्र झालेलं असेल तर काम बरंच हलकं होतं. म्हणजे इथे तुम्हाला आत्या लागणार आहे. (तुमची जात वेगळी असेल आणि मुलगी तुमच्याच माणसांत वाढली असेल तर आईच्या जातीचा दावाही करता येतो, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रस्ता उघडा ठेवलाय, पण तिथे सगळं पुराव्यावर असतं, त्यासाठी वकिलांशी वेगळं बसा.)

म्हणून नोटीस जायच्या आधी तुम्ही स्वतः आत्याला फोन करा. तिला पेपरातून किंवा भावाकडून कळू देऊ नका. नऊ वर्षं त्या घरातून एकटी ती बाई तुमच्या मुलीला दिवाळीला ड्रेस पाठवतेय, तिला हे असं वाटायला नको की पोरीने आपल्यालाही टाकलं. साधं सांगा, वन्सं, पोरीला वडिलांचं नाव लावायचं नाहीये, तुमच्यावर राग नाही, तुम्ही तिची आत्या आहात आणि राहणार. कागद आणि पत्ता नंतर मागा, पहिल्याच फोनवर नको.

आईचं म्हणणं, लग्न झालं की बदलणारच. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कुठला कायदा नाही, ती बदलेल की नाही ते ती ठरवेल. आणि तिचं लग्न व्हायला निदान दहा वर्षं आहेत ना अजून, तोवर कॉलेजमधे, हॉस्टेलवर, पहिल्या नोकरीत ती जे नाव सांगणार ते तिला आपलं वाटायला हवं. आजीला प्रेमाने सांगा, पण या बाबतीत आजीचं ऐकू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मी बरोबर करतेय का. मला वाटतं हो, एका अटीवर, की हे तिला हवंय. तुमच्या मनात त्या माणसाबद्दल जे आहे ते असणारच, मी तुमच्या जागी असते तर माझ्याही मनात असतं, पण अर्ज त्या रागाने करायचा नाही. तिच्याशी बसा, मधे मोबाइल नको, टीव्ही नको, आणि विचारा की हे कधीपासून मनात होतं, कशावरून आलं. वर्गात पूर्ण नावाने हाक मारतात तेव्हा त्रास होतो का, पालकसभेला कोणी काही बोललं का, आत्याच्या बोलण्यातून दुसऱ्या घराचं तिच्या कानावर गेलंय का. शेवटचं मला फार शक्य वाटतं. तसं असेल तर आत्ता तिच्या आत जे चाललंय ते आडनावापेक्षा मोठं आहे, आणि त्यावर तिच्याशी बोलायला कोणीतरी हवंय, शाळेत समुपदेशक असतील तर त्या, नाहीतर कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात.

तोवर ट्यूशनच्या वह्यांवर, चित्रकलेच्या कागदावर, पुस्तकांच्या पहिल्या पानावर तिला नवीन नाव लिहू द्या, कागदोपत्री नाही, असंच. कोर्टाची पहिली तारीख लागेपर्यंत तिला ते लिहायची आणि ऐकायची सवय होईल आणि तिचं तिलाच कळेल. मधेच म्हणाली की मम्मी नको, राहू दे आहे तेच, तर एक शब्द न बोलता अर्ज मागे घ्या, वाया गेलेल्या फेऱ्यांचा हिशोब तिच्यापुढे मांडू नका. मैत्रिणी विचारतीलच, अगं तुझं आडनाव का बदललं, त्याचं उत्तर तिने स्वतः ठरवू दे, 'मी आईचं लावते' एवढं पुरतं आणि त्यापुढे कोणाला काही सांगायला ती बांधील नाही.

तुमचं स्वतःचं आडनाव आत्ता नवऱ्याचंच आहे हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. मुलीचं माहेरचं झालं तर मायलेकींची आडनावं वेगळी होतील, त्याने अडत काही नाही, ऑर्डरची प्रत जवळ असली म्हणजे झालं. तुम्हालाही माहेरचं परत लावायचं असेल तर तो वेगळा अर्ज आहे, पतसंस्थेत, पीएफला, पॅनला सगळीकडे बदल करावे लागतील. मी म्हणेन तो विषय तिची दहावी झाल्यावर काढा.

विधी सेवा प्राधिकरणात पहिल्या दिवशी तिला नेऊ नका, तिथे तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल आणि त्यातलं काही तिने अजून ऐकलेलं नसेल. जज बोलावतील तेव्हा न्या, आणि नेताना शाळेचा युनिफॉर्म नको, तिला हवे ते कपडे घालू द्या, आणि आत जाऊन काय बोलायचं ते तिला शिकवू नका. जे मनात असेल ते सांग, एवढंच सांगा.